एकच क्लब की अनेक? वेंडी रेनार आणि लुसी ब्राँझ

महिला फुटबॉलमधल्या बचावपटूनं एका क्लबात मुळं धरावीत की क्लब बदलत राहावं? या दोघींनी दोन्ही वाटा शेवटापर्यंत चालून दाखवल्या.

रेनार मार्टिनिक या फ्रेंच बेटावरची. क्लेरफाँतेन या फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्राच्या चाचणीत ती नापास झाली आणि 2006 मध्ये, सोळाव्या वर्षी, लियाँ या फ्रेंच क्लबात आली. पुढे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, आठ वेळा जिंकली, आठही लियाँसाठीच. ती सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध उभी राहणारी बचावपटू. या जागेवर शेजारणीची चाल न बघता कळावी लागते, ती सवय वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच येते. शिवाय 1.87 मीटर उंची. कॉर्नरला तिचं डोकं म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची धडकीच.

ब्राँझ राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेची बचावपटू. सीमारेषेलगत धावत वर जायचं, तितक्याच वेगानं परतायचं. हे कौशल्य कुठल्याही संघात सोबत नेता येतं. लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, लियाँ, पुन्हा सिटी, बार्सिलोना, मग चेल्सी. पाच चॅम्पियन्स लीग: तीन लियाँकडून, रेनारच्याच सोबतीनं, आणि दोन बार्सिलोनाकडून. 2020 मध्ये ती फिफाची सर्वोत्तम खेळाडू ठरली. अंतिम तिघींत रेनारही होती. युरोपीय देशांची स्पर्धा असलेला युरो 2025 तर ब्राँझनं नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळून जिंकला!

देशासाठी मात्र पारडं ब्राँझकडे झुकतं: इंग्लंडसोबत दोन युरो. रेनारच्या वाट्याला फ्रान्सकडून तसा मोठा चषक आला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

तरी सेंटर बॅक व्हायला निघालेल्या मुलीला मी रेनारचीच वाट सुचवेन.