खेकड्याच्या नावाखाली ३२,३५० रुपयांचा चुना

आधी आकडे सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलसाठी आगाऊ २३,००० रुपये. ‘साउंड डीकोडर (मॉडेलमधून इंजिनाचा आवाज काढणारा भाग) बाहेरून मागवावा लागतो’ म्हणून ७,५००. लाकडी पेटी, कुरिअर आणि विमा १,८५०. एकूण ३२,३५०. सगळे यूपीआयने, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘तुम्हीच पिन टाकून’ पाठवलेले.

सौदा होता डब्ल्यूसीजी-१ या जुन्या विजेच्या इंजिनाच्या मॉडेलचा, म्हणजे टोपणनावाने आपल्या खेकड्याचा. एचओ स्केल, १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं; पितळी बॉडी, हाताने रंगवून वेदरिंग केलेली, म्हणजे वापरून मळल्या-गंजल्यासारखी दिसणारी. किंमत ४६,०००. हा आकडा ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांना ठाऊक आहे की भारतीय इंजिनांची मॉडेलं दुकानात जाऊन सहज उचलता येत नाहीत. त्यातून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२८ पासून आणलेल्या, घाटात मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनाचं तर नावच नको. कुणीतरी घरी बसून बनवतो, निम्मे पैसे आधी घेतो, महिनोन्महिने लावतो आणि आपण मुकाट वाट बघतो. या छंदाची रीतच ती आहे. तेव्हा ‘अनोळखी माणसाला आगाऊ दिलेच कसे’ हे मला ऐकवू नका. माझ्या लेआउटवरची, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रेल्वेवरची ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) याच पद्धतीने आलेली आहे आणि झकास धावते. चोराला ही रीत माहीत होती, एवढंच. वाट बघायची सवय असलेलं गिऱ्हाईक त्याला आयतं मिळालं.

आणि माणूस अडाणी नव्हता हो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “दादा, कुठल्या काळातला हवा? घाटातला तेल पाझरणारा, की शेवटी शेवटी यार्डात शंटिंगला लावलेला?” यावर कोण विरघळणार नाही? बोगीवर ब्रेकची धूळ, कनेक्टिंग रॉडवर तेलाचे ओघळ, छतावर पेंटोग्राफखाली (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याखाली) तपकिरी थर, हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. शिवाय वर, “उरलेले पैसे पार्सल उघडून बघितल्यावर द्या, मला घाई नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा. उरलेले पैसे नंतर मागणारा प्रामाणिकच असतो असं आपल्याला वाटतं. त्याला ते उरलेले पैसे कधी हवेच नव्हते.

आता तो फोटो. अजून आठवला की डोकं सणकतं.

‘काम चालू आहे’ म्हणून त्याने जे फोटो पाठवले त्यात इंजिन बाजूने घेतलेलं होतं आणि दोन्ही टोकांपुढे स्टॅटिक ग्रासचे, म्हणजे नकली गवताचे उंच झुबके लावले होते. मी काय म्हणालो? “वा, गवत काय लावलंय!” अरे, गवत कशाला लावलंय ते बघ ना! बाजारात हमखास मिळतं ते स्वित्झर्लंडच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचं, सीई ६/८ चं मॉडेल. दिसायला आपल्या खेकड्याचं थोरलं भावंड: तशीच दोन लांब नाकं, मधे केबिन, तसेच रॉड. पण त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लहान आधारचाक असतं. आपल्याला ते नाही. आपला खेकडा म्हणजे नुसती तीन-तीन मोठी चाकं, या रचनेला म्हणतात सी-सी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे ते इंजिन, जाऊन मोजा. मी मोजलेली आहेत. गवतामागे नेमकं ते लहान चाक झाकलं होतं. फोटोही त्याचा नव्हताच, परदेशातल्या कुणाचा तरी, आडवा उलटवून वापरलेला. नंबर उलटा दिसू नये म्हणून नंबरावरच त्याच्या नावाचा वॉटरमार्क. मला वाटलं, फोटो कुणी चोरू नये म्हणून काळजी घेतोय बिचारा.

यात माझी बाजूही ऐका. वेदरिंग केलेल्या मॉडेलमध्ये नजर आधी गंजाकडे जाते, ओघळांकडे जाते. चाकं मोजत कुणी बसत नाही. आणि ते वेदरिंग खरोखर अप्रतिम होतं, कुणाचं का असेना.

पण व्हार्निशला माझ्याकडे उत्तर नाही. मी कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून, तो कागद इंजिनाशेजारी ठेवून फोटो मागितला. उत्तर आलं, “दादा, मॅट व्हार्निश मारलंय, सुकतंय. महिनाभर हलवता येणार नाही.” महिनाभर! अ‍ॅक्रिलिक मॅट व्हार्निश. मी स्वतः रात्री मारतो आणि दुसऱ्या दिवशी डबा रुळावर ठेवतो. आणि कागद शेजारी ठेवायला इंजिन हलवायचंच कशाला? हे सगळं मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. त्याऐवजी मी लिहिलं, “सावकाश होऊ दे.” त्याच संध्याकाळी डीकोडरचे ७,५०० पाठवले, कारण त्याने पेंटोग्राफ चढतानाच्या आवाजाची क्लिप पाठवली होती.

यूपीआयवर नाव भलतंच दिसत होतं. “मेव्हण्याचा नंबर आहे, माझी लिमिट संपली.” मेव्हणा, भाऊ, मित्र, काहीही सांगितलं तरी थांबा. ज्याच्याशी बोलताय त्याच्या नावावर पैसे जात नसतील तर पाठवू नका. तसंच, जो छातीठोकपणे सांगतो की मॉडेल ‘गेजसकट (रुळांमधल्या अंतरासकट) अगदी स्केलमध्ये’ आहे आणि तेही १६.५ मिमीच्या रुळावर, त्याला विचारा की आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी भागिले ८७ किती. १९.२६ येतात. आपण सगळे १६.५ वर तडजोड करतो आणि तसं मोकळेपणी सांगतो. हा सांगत नव्हता.

पेटी आली. लाकडी नव्हती, पुठ्ठ्याची. उचलल्याबरोबर कळलं, पितळेला वजन असतं. आत बॅटरीवर चालणारं प्लॅस्टिकचं खेळणं, चिमणीवालं, म्हणजे वाफेचं इंजिन! त्यावर तपकिरी काहीतरी चोपडलेलं. बोटाला लागलं, वास घेतला, तर बूटपॉलिश. वेदरिंग म्हणे.

यापुढचा भाग फसवणुकीपेक्षा जास्त झोंबणारा आहे. पेटी त्याने उगाच पाठवली नव्हती. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दर्जाची तक्रार आहे, ग्राहक आयोगात जा.” मी पेटी उघडून दाखवली. समोरच्याने खेळणं हातात घेऊन चालू केलं, टेबलावरून फिरवलं आणि म्हणाला, “चालतंय की!” शेजारचे दोघे हसले. “काका, नातवासाठी घेतलं का?” मी म्हटलं, माझ्यासाठी. मग तर चहा येईपर्यंत हसणं चाललं. नंतर आरोपी परराज्यातला दिसतो, तिकडे तक्रार करा. अहो, झीरो एफआयआर कशासाठी आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यायची आहे असं लिहिलंय. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मी कागदावर लिहून नेलं होतं. “वकील आहात का?” नाही, ३२,३५० रुपये गेलेला माणूस आहे! अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर “शिक्का साहेबांकडे आहे.” साहेब बंदोबस्तावर.

बँकेचं वेगळंच. व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, आम्ही काही करू शकत नाही, तक्रार बंद. पुन्हा तक्रार केली तर ‘आपल्या समाधानाबद्दल रेटिंग द्या’ असा मेसेज. दिलं. एक तारा, कारण शून्य देता येत नाही.

म्हणून सांगतो, संशय आला की पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात लावा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. मी पेटीची वाट बघत बसलो आणि तोवर खातं रिकामं. चॅट पुसू नका. पेटी फोडताना सीलपासून तळापर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. माझा नाही, आणि ‘आतला माल तुम्हीच बदलला नाही कशावरून’ हेही मला ऐकून घ्यावं लागलं. आणि मॉडेल उलटं करून खालचा फोटो मागा. चोरलेल्या फोटोंत तळ कधीच नसतो, कारण हौसेने तळाचा फोटो कुणी काढत नाही.

तो चोर सध्या नव्या नावाने डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल विकतोय, आगाऊ १८,०००. फोटो यावेळी निदान कुठल्या तरी टेबलावरचे आहेत: हिरवी कटिंग मॅट, उजव्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्नने जळलेला अर्धगोल डाग. माझ्या पेटीतल्या पावतीचा फोटो त्याने याच मॅटवर काढून पाठवला होता. डाग दिसला की व्यवहार तोडा, आणि त्याचा नंबर व यूपीआय आयडी मला कळवा. अर्जाला जोडायला हवेत.