डोसेटॅक्सेलनंतर: चार गोळ्या की चार कॅप्सूल?

पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये डोसेटॅक्सेलची केमो संपून पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची खूण) पुन्हा चढू लागला, स्कॅनवर हाडांत नवे डाग दिसले, की डॉक्टर बहुधा अबिराटेरोन आणि एन्झालुटामाइड ही दोन नावं काढतात. केमोनंतर दोन्ही आयुष्य काही महिन्यांनी वाढवतात. अबिराटेरोनच्या २०११ च्या चाचणीत मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १०.९ चे १४.८ महिने झाले, एन्झालुटामाइडच्या २०१२ च्या चाचणीत १३.६ चे १८.४. रुग्ण वेगवेगळे होते, म्हणून १८ मोठे की १४ असा हिशेब मांडू नका. यातलं एक औषध आधीच घेऊन झालं असेल, तर दुसऱ्याचा उपयोग सहसा कमीच होतो. तेव्हा कॅबाझिटॅक्सेल या दुसऱ्या केमोबद्दल विचारा. मात्र दर ३ आठवड्यांनी सलाइन, आणि १०० च्या वर ताप गेला की त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून ते सोपं नाही.

अबिराटेरोनच्या २५० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या. आधी २ तास आणि नंतर १ तास काही खायचं नाही, दुधाचा चहा अन् टोस्टही नाही. अन्नासोबत औषध रक्तात कित्येक पट जास्त उतरतं. पहाटे उठणाऱ्या शेतकऱ्याला हे जमून जातं. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर. साखर वाढली की घरचे ही ‘बारीक गोळी’ परस्पर बंद करतात आणि घोळ होतो: बीपी चढतं, पायांवर सूज येते, पोटॅशियम घसरतं.

खरी कटकट या पोटॅशियमचीच. तपासणी दर महिन्याला हवी, लिव्हरची तर पहिले ३ महिने दर १५ दिवसांनी. तालुक्याला घेतलेलं रक्त बरेचदा तसंच एसटीनं जिल्ह्याला जातं. सीरम (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळं न करता ट्यूब तासन्‌तास राहिली, किंवा रक्त काढताना पेशी फुटल्या, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर उतरतं. अंगात ३.० म्हणजे कमी असताना रिपोर्टवर ४.२ म्हणजे नॉर्मल छापून येतं. सगळे निवांत, आणि इकडे पायांत गोळे, छातीत धडधड. नमुना तिथल्या तिथे सेंट्रिफ्यूज होतो का (यंत्रात फिरवून सीरम वेगळं करतात का), एवढं विचाराच. होत नसेल तर जिल्ह्याला चकरा आल्या, सोयाबीन काढणी असो की कापूस वेचणी. आमच्या घरी पारडं एन्झालुटामाइडकडे झुकलं ते इथेच.

एन्झालुटामाइडच्या ४० मिलिग्रॅमच्या ४ कॅप्सूल, जेवून किंवा न जेवता. स्टेरॉइड नाही, पोटॅशियमची धास्ती नाही. थकवा मात्र जाणवतो, तोल जाऊन पडायची भीती असते, क्वचित आकडीचा (फिटचा) झटका येतो. म्हणून विहिरीचा काठ, मचाण, ट्रॅक्टर यांपासून बाबांना लांबच ठेवलेलं बरं. हाडदुखीसाठी ट्रामाडोल चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यानं झटक्याचा धोका वाढतो. बीपीची अम्लोडिपिन एन्झालुटामाइडमुळे निष्प्रभ होऊ शकते. पहिले दोन महिने बीपी आठवड्याला मोजून वहीत लिहा. अंडकोष काढलेले नसतील तर पुरुष-हार्मोन दाबणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दोन्हींसोबत चालूच राहतं.

माझा कौल एन्झालुटामाइडला, पण पूर्वी झटके आले असतील, लकवा होऊन गेला असेल किंवा बाबा आत्ताच चालताना अडखळत असतील, तर अबिराटेरोनच बरं. मग पहिल्या गोळीच्या आधी लॅब ठरवून ठेवा.