मिरजेच्या सतारमेकरांनी बसवून दिलेली पिस्तुलाची मूठ : दीड वर्षाच्या वापरानंतर

सांगलीत गेली सहा वर्षे मी दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते. माझे पिस्तूल स्टायर एलपी १० आहे. ते मी वापरलेले घेतले, त्यामुळे त्याची अक्रोडाच्या लाकडाची मूठ आधीच्या मालकाच्या हाताची होती, म्हणजे मध्यम मापाची आणि रुंद तळव्याची. माझा तळवा अरुंद आहे आणि बोटे आखूड आहेत. परदेशातून लहान मापाची नवी मूठ मागवण्यापूर्वी हीच मूठ माझ्या हाताला बसवून घेता येईल का, या विचाराने मी मिरजेतील एका सतारमेकर चाचांकडे गेले. त्यांनी केलेल्या कामाचा हा अभिप्राय आहे. एका हाताने नेमबाजी करणाऱ्यांना तो उपयोगी पडावा, म्हणून मुठीविषयी थोडे सविस्तर लिहिते.

या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि मनगट पूर्ण मोकळे ठेवावे लागते. साठ गोळ्या पंचाहत्तर मिनिटांत मारायच्या असतात. दर वेळी जवळजवळ एक किलोचे वजन खांद्याच्या उंचीला न्यायचे, काही सेकंद स्थिर धरायचे आणि पुन्हा खाली आणायचे. दोन हातांनी पिस्तूल धरणाऱ्याच्या उजव्या हाताची चूक डावा हात बऱ्याच अंशी सावरून घेतो. आमचा दुसरा हात मात्र खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला असतो, आणि सावरण्याचे सगळे काम मुठीवर येते.

हात थरथरतो याचीच नवशिक्यांना सर्वात जास्त भीती वाटते, पण खरी भीती मनगटाची बाळगायला हवी, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण हात न वळता सरळच्या सरळ पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही टार्गेटवर पाचच मिलिमीटर सरकते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असल्यामुळे ती गोळी अजून दहातच असते. पण मनगट वळले आणि पुढची साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली खूण) मागच्या साइटच्या खाचेत एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर काय होते? दोन साइट्समधील अंतर पस्तीस सेंटीमीटर धरले, तर दहा मीटरवर ती चूक अठ्ठावीस मिलिमीटरच्याही पुढे जाते आणि दहाच्या जागी सात मिळतात. म्हणून पुढच्या साइटवर नजर स्पष्ट ठेवावी आणि टार्गेटचे काळे वर्तुळ धूसर दिसू द्यावे, असे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. मूठ हाताला बसत नसेल, तर नजर कितीही स्पष्ट असली तरी मनगट दर वेळी नव्या जागी थांबते, आणि तिथे नजरेचा इलाज चालत नाही.

मुठीचा कोन समजून घ्यायला स्वयंपाकघरातील लाटणे पुरते. ते मुठीत धरावे, हात खांद्याच्या रेषेत सरळ करावा आणि मनगट अजिबात वाकवू नये. लाटणे उभे राहत नाही, त्याचे वरचे टोक पुढे झुकते. हा झुकाव प्रत्येकाच्या हाताचा स्वतःचा असतो आणि नळीच्या रेषेशी मुठीचा कोन त्याच्याशी जुळावा लागतो. जर्मन लुगरची मूठ बरीच तिरकी आहे, तर अमेरिकन कोल्ट १९११ ची त्या मानाने उभी. कोल्टची सवय झालेल्या हातात लुगर दिले की नळी वर रोखली जाते, आणि उलट केले की खाली. आमच्या पिस्तुलांत हा कल स्क्रूने बदलता येतो. तो हाताच्या नैसर्गिक झुकावापेक्षा किंचित वाढवला, तर मनगट थोडे खाली दाबले जाते, अंगठ्याच्या बाजूच्या शिरा ताणल्या जातात आणि मनगटाला हलायला जागा उरत नाही. पण कल गरजेपेक्षा जास्त झाला, तर चाळिसाव्या गोळीनंतर कोपरापर्यंत कळ येऊ लागते. मी हे दोन महिने सोसले आहे, कारण मूठ मोठी असल्याची भरपाई मी कल वाढवून करत होते.

मोठ्या मुठीचा दुसरा परिणाम ट्रिगरवर होतो. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि दाब सरळ मागे जावा. माझे बोट टोकानेच कसेबसे पोहोचत असे, त्यामुळे दाब तिरका पडून माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, कायम डावीकडे जाई. साइट्स फिरवून तो मध्यात आणला, तरी गोळ्या जवळ येत नसत, कारण तिरका दाब दर वेळी सारखाच तिरका नसतो.

आता मिरजेच्या कामाविषयी. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घराण्यांनी तिथे हा धंदा उभा केला, ती मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडवणारी आणि पाजळणारी. चाचांना मी पिस्तुलाची मूठ दाखवली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हणाले, ‘लाकूड चांगलं आहे ताई, बसवणारा घाईत होता.’

मी पिस्तूल घरी ठेवून फक्त मूठ नेली होती, आणि ते योग्यच होते. अडचण अशी की नुसत्या मुठीला वजन नसते, आणि वजनाशिवाय ती तळव्यात कुठे टेकते हे कळत नाही. चाचांनी तंबोऱ्याच्या दांडीचा उरलेला तुकडा घेतला, तो तासून मुठीच्या खाचेत घट्ट बसवला आणि पिस्तुलाचे वजन विचारून त्यावर लोखंडाचे तुकडे बांधत गेले. तराजूवर वजन जुळल्यावरच त्यांनी कानस हातात घेतली. हे मी त्यांना सुचवलेले नव्हते.

त्यानंतरचे चार तास मी विसरणार नाही. माझ्या तळव्याला त्यांनी खडूची पूड लावली, मूठ धरायला सांगितली आणि लाकडावर जिथे पांढरे उमटले तिथे कानशीचे दोनच हात मारले. पुन्हा पूड, पुन्हा पकड, पुन्हा दोन हात. सतारीच्या घोडीची जवारी काढताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासताना, असेच करतात, घासायचे कमी आणि ऐकायचे जास्त, असे ते म्हणाले. तर्जनीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या खाली त्यांनी बरेच लाकूड काढले, तेव्हा बोट प्रथमच ट्रिगरच्या जागी पुरेसे पुढे आले. तळव्याच्या पोकळीत लाकडाचा भुसा मिसळलेली एपॉक्सी भरून उंचवटा केला. मधले बोट आणि अनामिका यांनीच सरळ मागे दाब द्यायचा, करंगळी नुसती टेकवायची आणि अंगठ्याने काहीच करायचे नाही, हे मी सांगितल्यावर करंगळीखालचा आधार त्यांनी मुद्दाम उथळ ठेवला. सांगितलेली गोष्ट समजून घेऊन लाकडात उतरवणारा कारागीर मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

कामात तीन उणिवा राहिल्या. त्यांतील दोन माझ्या अपुऱ्या सूचनांमुळे राहिल्या, म्हणून त्या इथे मुद्दाम नोंदवते.

तळव्याच्या कडेला आधार देणारा जो पाम रेस्ट असतो, त्याची कड चाचांनी हाताला आराम मिळावा म्हणून वर वळवली. हात त्यात वाटीत ठेवल्यासारखा बसत होता, पण हे नियमात बसत नाही. पाम रेस्ट मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात असू नये, तो वर वळलेला नसावा आणि मुठीने हाताला वेढा घालू नये, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, हाही नियम आहे, आणि तळव्यातील भरावामुळे माझ्या मुठीची जाडी ५२ मिलिमीटर झाली होती. स्पर्धेच्या आधी घरीच कॅलिपर लावून पाहिले म्हणून निभावले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही गोष्टी अर्ध्या तासात दुरुस्त केल्या आणि पैसे घेतले नाहीत.

तिसरी उणीव पॉलिशची. लाखेचे पॉलिश त्यांनी इतके सुंदर चढवले होते की मूठ वाद्यासारखी चमकत होती, पण एप्रिलच्या उकाड्यात घामाने ती हातात फिरू लागली. तंबोऱ्याला शोभणारी चमक मुठीला चालत नाही. मी स्वतः जाड्या काचपेपरने ती घालवली आणि बोटांच्या जागी खिळ्याच्या टोकाने बारीक ठिपके ठोकून लाकूड खरबरीत केले. आता कुणी हे काम करायला देणार असेल, तर पॉलिश नको हे आधीच स्पष्ट सांगावे.

फरक किती पडला, हे मी एका चाचणीवरून ठरवते. टार्गेटसमोर उभे राहायचे, डोळे मिटायचे, पिस्तूल उचलून स्थिर करायचे आणि मग डोळे उघडायचे. पूर्वी पुढची साइट खाचेत उजवीकडे आणि वर दिसायची व मी ती मनगटाने ओढून आणायची. आता दहापैकी आठ वेळा ती खाचेत मधोमध असते. उरलेल्या दोन वेळा दोन्ही साइट्स जुळलेल्या असूनही टार्गेटच्या बाजूला रोखलेल्या असतात, आणि तो दोष मुठीचा नसून पायांचा असतो. मागचा पाय इंचभर सरकवला की तो जातो. कल मी पुन्हा दोन फेऱ्यांनी कमी केला आहे. साठ गोळ्यांची माझी सरासरी ५४० च्या आसपास अडली होती, ती ५५० च्या वर गेली. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, त्या पातळीच्या गुणांशी याची तुलना करायची नाही. पण जे दहा गुण मी ड्राय फायरच्या, म्हणजे गोळी न भरता करायच्या सरावाच्या, हजारो आवृत्त्यांत शोधत होते, ते लाकडात अडकले होते, हे मला मान्य करावे लागते.

चाचांनी पूर्ण कामाचे अठराशे रुपये घेतले. काम एका दिवसात होते, पण एपॉक्सी वाळायला रात्र लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे लागते. जाताना पिस्तुलाचे वजन, ट्रिगरपासून मुठीच्या पाठीपर्यंतचे अंतर आणि नियमांची मापे कागदावर लिहून न्यावीत, आणि हात गार असताना सकाळी न जाता दुपारी जावे. उकाड्यात हात थोडा फुगतो, सकाळी घट्ट बसवलेली मूठ दुपारच्या स्पर्धेत चिमटते. पावसाळ्यात माझ्या मुठीचा करंगळीजवळचा भराव एका कडेने सुटला आहे. दिवाळीनंतर मी तो पुन्हा भरून घ्यायला त्यांच्याकडेच जाणार आहे.