सॅकराइडवाल्या मॉडेल किटचा रिव्ह्यू: पुस्तिका भारी, गोळे कमी

हे मॉलिक्युलर मॉडेल किट (अणू म्हणून रंगीत गोळे जोडून रेणू बनवायचा संच) खास कार्बोहायड्रेटसाठी आहे आणि ज्याला सॅकराइड हा शब्द नुसता पाठ करून कंटाळा आलाय त्याने नक्की घ्यावं. सोबतच्या पुस्तिकेत आधी शब्द फोडून सांगितलाय, मग गोळे जोडायला दिलेत, हा क्रम मला फारच आवडला. सॅकराइड म्हणजे शर्करा, आणि शब्दाचं मूळही संस्कृत शर्कराच, पालीत सक्खरा, मग ग्रीकमध्ये साक्खारोन आणि लॅटिनमध्ये जाऊन साक्कारुम. शर्करा म्हणजे आधी बारीक खडे, रेती. उसाच्या रसाचे दाणे तसेच खरखरीत म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. उसाच्या शास्त्रीय नावातलं सॅकरम आणि यीस्टचं सॅकरोमायसिस पण इथलेच. एवढं डोक्यात बसलं की मोनो, डाय, पॉली म्हणजे एक, दोन, पुष्कळ शर्करा, वेगळं पाठ करायला काही उरतच नाही.

आता गोळे. काळ्या कार्बनला 4 भोकं, लाल ऑक्सिजनला 2, पांढऱ्या हायड्रोजनला 1. ग्लुकोजला 6 काळे, 12 पांढरे, 6 लाल लागतात आणि रिंग वळवताना कळतं की आत कार्बन पाचच बसतात, सहावी जागा ऑक्सिजनची आणि उरलेला कार्बन बाहेर. मग दोन ग्लुकोज जोडायला एकाचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि दुसऱ्याचा एच (हायड्रोजन) काढला की हातात पाण्याचा रेणू येतो आणि समोर माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची शर्करा, तयार, पुस्तकातलं समीकरण कितीही वेळा वाचलं तरी हे असं नाही कळत! जोड अल्फा (रिंगच्या खालच्या बाजूने) ठेवला तर त्याच वाटेने स्टार्च, बीटा (वरच्या बाजूने) केला तर सेल्युलोज, म्हणजे एकाच ग्लुकोजपासून एक आपल्याला पचणारं आणि एक न पचणारं.

पण गोळे दोन रिंगमध्येच संपतात, त्यामुळे पॉलिसॅकराइड फक्त चित्रात बघायचं, हे मला खटकलं. आणि पुस्तिकेत सॅकरिनपण (साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोड पदार्थ) शर्करांच्याच यादीत टाकलंय, काही खुलासा नाही. 1879 मध्ये सापडलेलं सॅकरिन शर्करा नाहीच, त्यात नायट्रोजन आणि सल्फर आहेत, नाव फक्त गोडीमुळे मिळालं. नवीन शिकणारा इथे हमखास गोंधळेल, तेवढी ओळ दुरुस्त करा आणि निदान चार रिंग होतील एवढे गोळे द्या. मित्राकडेही हेच किट असेल तर दोन्ही एकत्र करा, साखळी मस्त लांब होते.