रत्नागिरी : एक पावसाळा आणि एक आंब्याचा हंगाम काढल्यानंतर

हा अनुभव अकरा महिन्यांचा आहे. दोन दिवसांच्या पर्यटकाला समुद्र दिसतो, भाड्याने राहणाऱ्याला गंजही दिसतो. तरी शहर सोडायचा विचार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नवख्याने आधी भरती-ओहोटी शिकावी. त्याला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा : ही पूर्ण भरतीची वेळ. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरावा. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे जातं, आणि ते उधाणाचं असल्यामुळे बरंच मागे. भाट्ये किनाऱ्यावर चालायला याहून चांगली वेळ नाही : वाळू घट्ट, मागे सुरूचं बन, समोर मावळता सूर्य. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा फरकच कमी. पण त्याच उधाणाच्या दुपारी काजळी नदीच्या मुखाकडे, पुलाच्या बाजूला, पाण्यात उतरू नये. खाडीत भरलेलं सगळं पाणी तेवढ्याच अरुंद तोंडातून समुद्राकडे धावतं. पोहता येणाऱ्यालाही ते ओढून नेतं.

मांडवीची वाळू इल्मेनाइट या खनिजामुळे काळी आहे, दुपारी अनवाणी पाय भाजतात. तिथे जेट्टीवर संध्याकाळीच जावं. रत्नदुर्गावर सकाळी. थिबा राजवाडा १९१० चा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांच्या कैदेत १९१६ मध्ये याच शहरात वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली खाडी पाहिली की कैदेसाठी निवडलेली जागा किती देखणी होती, याची गंमत वाटते. गणपतीपुळ्याला जायचं तर आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता धरावा, घाई असली तरी.

आता गंज. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून लोखंड कधी पुरतं सुकत नाही. स्कूटर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावी, उघड्या नटबोल्टना आणि स्टँडच्या स्प्रिंगला ऑइल लावावं. बाल्कनीतलं स्टील ३०४ ग्रेडचं असलं तरी त्यावर तपकिरी डाग येतात; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं, पण महाग. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी घ्यावी, तारेचे डाग कपड्यावरून जात नाहीत.

पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो पश्चिमेकडून आडवा येतो. घर बघताना पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती बाहेर आला आहे ते पाहा. दोन फुटांहून कमी असेल तर झड थेट पलंगावर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, नाहीतर श्रावण येईपर्यंत पाठीला बुरशी. चामड्याचे बूट जूनमध्ये पेपर भरून उंचावर टाकायचे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही जूनमध्येच लागू होतं, गाड्या सावकाश चालतात. स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

मासे घ्यायला मिरकरवाड्याच्या बंदरावर जावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा सुकट, सोडे आणि खाडीचं जे मिळेल ते. एरवी बांगडा घेताना कल्ला उघडून बघावा : लालभडक हवा, विटकरी नको. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरला पाहिजे. बारीक मासळी वाट्यावर मिळते. वाट्याच्या तळाचेही मासे उलटून बघितले तर कोणी रागावत नाही. फार तर दोन शब्द ऐकवतात.

हापूस मार्चमध्ये महाग, मेमध्ये आवाक्यात. कच्चा घेतला तर एक फळ बादलीत टाकून पाहा. तरंगलं तर कोवळं आहे, पिकेल पण गोडी येणार नाही. उरलेले भाताच्या पेंढ्यात एका थरात, देठ वर करून लावा आणि रोज चाचपा. साल पिवळी झाली म्हणून लगेच कापू नका. ती किंचित सुरकुतली की खरा वास सुटतो. आतला साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा झालेला गर, मात्र बाहेरून कळत नाही, तेव्हा पेटीमागे दोन-चार फळं जातील असं धरूनच भाव करा.