‘उंची वाढवणारी’ पावडर : डबा मागून वाचा

डब्यावर पुढे मोजपट्टीला पाठ लावून उभं असलेलं मूल असतं. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांतल्या तक्त्यात.

तक्त्याचा ‘१०० ग्रॅममध्ये’ हा रकाना सोडून द्या, कारण एका बैठकीत १०० ग्रॅम कोणी पीत नाही. ‘एका वेळच्या प्रमाणात’ काय आहे ते पाहा. समजा १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम प्रथिनं आणि ३२ ग्रॅम साखर आहे आणि एका वेळी २५ ग्रॅम पावडर घ्यायची आहे. पोटात जातात ३ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. ज्या २०० मिली दुधात ती ढवळली, त्या दुधातच साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. २० किलोच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १९ ग्रॅमची, त्यातला तिसरा हिस्सा या दुधातूनच. काही डब्यांवर तिसरा रकाना असतो, ‘दुधासह’. दूध आपलं, श्रेय पावडरीचं!

‘ग्रोथ हार्मोनला चालना’ हा दावा सगळ्यात पोकळ. हे संप्रेरक म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी. गिळलं तर इतर प्रथिनांसारखंच पचून जातं, म्हणूनच ते इंजेक्शननं देतात. आर्जिनिन या अमिनो आम्लाचं नाव छापलेलं असेल तर एवढं लक्षात ठेवा : ग्रोथ हार्मोनच्या तपासणीत ते सुटावं म्हणून आर्जिनिन वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम, तेही शिरेतून देतात. चिमूटभर पावडरीतून तो परिणाम होत नाही.

मग आहाराचा संबंध नाही का? आहे, पण तो यकृतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते, त्यातला मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. त्या आदेशावर यकृत आयजीएफ-१ हे दुसरं संप्रेरक बनवतं आणि ते हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्यांना, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या थरांना, चालना देतं. ऊर्जा, प्रथिनं किंवा झिंक कमी पडलं की यकृत आदेश ऐकेनासं होतं. म्हणून कुपोषित मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन बऱ्याचदा जास्त आणि आयजीएफ-१ कमी सापडतं. अशा मुलाला पावडर उपयोगी पडू शकते, पण अन्न म्हणून.

पोटभर खाणाऱ्या मुलात तीच पावडर जादा उष्मांक होते. लठ्ठ मुलाचं ग्रोथ हार्मोन उलट कमी असतं, तरी इन्सुलिनच्या जोरावर ते मूल काही वर्षं वर्गातल्यांपेक्षा उंच दिसतं. त्या वर्षांचं कौतुक डब्याला मिळतं. पुढे वयात येणं अलीकडे सरकतं, विशेषतः मुलींत; वाढपट्ट्या लवकर मिटतात आणि आघाडी संपते. लठ्ठपणा मात्र बहुधा मोठेपणीही सोबत राहतो आणि त्याबरोबर मधुमेहाचा धोका.

वयाचं गणितही तपासा. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान काही खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेय दिलं गेलं (१८० मिलीत ११.५ ग्रॅम प्रथिनं, १६३ किलोकॅलरी), तर काहींत प्रथिनं नसलेलं, ५९ किलोकॅलरींचं. उंचीतला फरक मुख्यतः ३ वर्षांखालच्या मुलांत दिसला, आणि त्या वयात प्रथिनयुक्त पेय मिळालेले मुलगे मोठेपणी ताशी जास्त कमवत होते. ‘२ वर्षांपुढे’ असं छापलेला डबा ही खिडकी मिटत आल्यावर घरात येतो.

घ्यायचीच असेल तर मापाचा चमचा सपाट भरा, शीग नको. जेवणाआधी तासभरात देऊ नका; गोड ग्लासानं भूक मरते आणि ताट तसंच उरतं. लोहाच्या औषधाबरोबर नको, कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. जीवनसत्त्वांचे थेंब चालू असतील तर दोन्हींतल्या ‘अ’ आणि ‘ड’ची बेरीज करा, ती शरीरात साठतात.

‘तीन महिन्यांत फरक’ हे तर आपोआप खरं ठरतं. ४ वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतंच, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा ते दीड. शिवाय सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरू शकते. पहिलं माप संध्याकाळी आणि दुसरं सकाळी घेतलं की पावडर पास! माप एकाच वेळी घ्या, अनवाणी, टाचा भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर काटकोनात पुस्तक, आणि सहा महिन्यांच्या अंतरानं. या वयात वर्षाची वाढ ४ सेंटिमीटरच्या आत असेल तर दुसरा डबा आणू नका. बालरोगतज्ज्ञ डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतील, थायरॉइड तपासतील. वाढपट्ट्या मिटल्यावर इंजेक्शनानंही उंची वाढत नाही.