गोठवलेलं सोया मटण : सावजी रश्श्यात कुठं कमी पडतं

सोया-वाटाण्याच्या प्रथिनात खोबरेल घालून केलेलं गोठवलेलं 'मटण' आता तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागलंय. चावायला ते खरंच चांगलं आहे, तुकड्याला मटणासारख्या रेषा सुटतात. प्रथिनाची बाजू भक्कमच, सोयाबीन तर आपल्याच वावरात पिकतं. सावजी रश्श्यात मात्र ते मार खातं, अन् तेही चरबीपायी.

बोकडाची चरबी 40 अंशांच्या वर वितळते आणि पेशींच्या आवरणात बंद असते. मंद आचेवर ती हळूहळू सुटते, मसाल्याचा रंग-वास ओढून घेत तर्री धरते. खोबरेल 24 अंशांलाच पातळ होतं. गंज (पातेलं) तापताच ते बाहेर येतं आणि तुकडा कोरडा उरतो. बोकडाचा खास वासही चरबीतल्या 4-मिथाइलऑक्टॅनॉइक आम्लासारख्या घटकांचा. तो खोबरेलात नाही.

रस्सा करायचाच असेल तर अर्ध्या किलोला जवसाचं तेल 5-6 टेबलस्पून घ्या. मसाला तेल सुटेस्तोवर परता, गरम पाणी घालून 15 मिनिटं उकळा. तुकडे न वितळवता वेगळे परतून शेवटच्या 7-8 मिनिटांत सोडा. कुकर अजिबात नको. पाकिटावर मिथाइलसेल्युलोज (तुकडा बांधून ठेवणारा पदार्थ) लिहिलं असेल तर ते गरमपणी घट्ट धरतं, थंड झालं की ढिलं पडतं. म्हणून निवलेला रस्सा ढवळू नका, आधी तापवा.

घेताना पाकीट चाचपून पाहा. आत बर्फाचे खडे किंवा तळाशी पांढरा गोळा असेल तर माल वाटेत एकदा वितळलाय. वीज जाणाऱ्या गावात मे महिन्यात हे हमखास होतं.

खरा उपाय म्हणजे प्रयोगशाळेत जनावराच्या पेशींपासून वाढवलेली चरबी. तिचा जाड गोळा वाढत नाही, कारण रक्तवाहिन्या नसल्यानं आतल्या पेशी उपाशी मरतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये डुकराच्या पेशी सपाट थरात वाढवल्या, खरवडून काढल्या आणि समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटनं किंवा ट्रान्सग्लुटामिनेज विकरानं बांधल्या. 2025 मध्ये मिशन बार्न्स या कंपनीच्या पेशींपासून वाढवलेल्या डुकराच्या चरबीच्या सुरक्षिततेवर आणखी प्रश्न नसल्याचं अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं कळवलं. ती वनस्पती प्रथिनातच मिसळतात. सावजीला मात्र बोकडाच्या पेशींची चरबी लागेल, आणि त्यावर काम व्हायलाच हवं.

तोवर हे पाकीट सुक्क्यासाठी घ्या. कांदा, खोबरं आणि भरपूर सांभार (कोथिंबीर) घालून कोरडं परतलं तर भाकरीसोबत चांगलं लागतं. तर्रीसाठी घेऊ नका.